कैलासवासी रामनाथ हजर आहेत

खोडद
१८ फेब्रुवारी २०२५

मामा,

नमस्कार लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, नाहीतर आज कुणापुढे हात जोडायची माझी इच्छा नाही. आहुप्यात रेंज येत नाही, आणि आली असती तरी ऑगस्टमधल्या ऑपरेशनपासून तुमच्या घशात आवाजच राहिलेला नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. त्याआधीची गोष्ट असती तर हेच सगळं तुमच्या शेजारी बसून सांगितलं असतं.

रविवारी नदीपलीकडच्या यात्रेत मला शर्यतीच्या घाटाचा माईक मिळाला. तुम्ही चाळीस वर्षं ज्या माईकवर बैलगाड्यांच्या बाऱ्या सांगितल्या, तोच. पहिले नऊ गाडे व्यवस्थित सुटले. नावं, गावं, सेकंद, काही चुकलं नाही. आई म्हणाली, मागून ऐकलं तर कुंडलिकच बोलतोय असं वाटत होतं. तुम्हाला माहीतच आहे, यादीत नुसती नावं असतात. गाडा बहुतेक घरातल्या थोरल्या माणसाच्या नावाने पळतो, आणि त्यातलं कोण हयात आहे आणि कोण गेलं, हे समालोचकाने आपलं आपण ठेवायचं असतं. दहावी बारी रामनाथबाबांची होती. मी भरल्या आवाजात म्हणाले, ‘कैलासवासी रामनाथ भिकाजी यांच्या स्मरणार्थ.’ आणि रामनाथबाबा समोर पहिल्या रांगेत, गुलाबी फेटा बांधून खुर्चीत बसलेले होते.

त्यात भर म्हणजे त्यांचे बैल नेमके त्याच वेळी घाट सोडून डावीकडे लोकांत घुसले. झालं, बारी माझ्या तोंडामुळे फसली असं ठरलं. त्यांचा मुलगा स्टेजवर चढला आणि म्हणाला, “बाप जिवंत हाय माझा. डोळं हायत का न्हाईत तुला?” कमिटीतल्या एका माणसाने माझ्या हातातून माईक काढून घेतला आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं म्हणाला, ताई दमल्यात, पाणी द्या त्यांना. अख्खा घाट हसला. त्याचा व्हिडिओ आता सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. नारायणगावला सुभाषचंद शेठच्या दुकानात मी बियाणं मोजत असते आणि गिऱ्हाइकं विचारतात, ताई, आमच्या तात्यांचं जरा बघा, अजून हायत का.

मला सगळ्यांचा राग आलाय. कमिटीचा, हसणाऱ्यांचा, त्या बैलांचासुद्धा. पण सगळ्यात जास्त राग माझा मला आलाय. चूक माझीच होती. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक समालोचक बसलाय. सकाळी उठले की सुरू होतो. ‘आता उठल्या आहेत तेजस्विनी. यांना काही जमत नाही. चहा सांडला, मंडळी. हिला माईक देणारा गाढव होता.’ दिवसभर बोलतो आणि दमत नाही.

गाडेवाल्यांची नावं लिहिलेली तुमची वही पार्सलने परत पाठवते आहे. मी पुन्हा माईकला हात लावणार नाही. मामींना नमस्कार.

तेजू

*

आहुपे
२५ फेब्रुवारी २०२५

तेजस्विनी,

आशीर्वाद आहेतच, ते काय रोज नव्याने द्यायचे नसतात. तुझं पत्र मी चुलीत घालणार होतो. तुझ्या मामीने हातातून ओढून घेतलं म्हणून वाचलं.

जिवंत माणसाला कैलासवासी म्हणालीस. वाईट झालं. त्यावर दोन ओळी पुरे होत्या. उरलेलं पान तू स्वतःला शिव्या देण्यात घालवलंस, ते मला अजिबात चालणार नाही. सहा वर्षांची होतीस तेव्हापासून माझ्या शेजारी स्टेजवर बसायचीस. चाळीस वर्षांत मी कुठल्या बैलाला माईकवरून वाईट बोललेलं तू ऐकलंयस का? बैल बाहेर गेला, बसला, गाडीवानाला पाडलं, पुढे पळणाऱ्या घोडीला शिंग मारलं. मी एकदा तरी म्हणालो का, हा बैल टाकाऊ आहे म्हणून? नाही म्हणालो. कारण त्या बैलाचं घर समोर बसलेलं असतं. पोरंबाळं, बायका, म्हातारी, सगळी ऐकत असतात.

तू लहान होतीस, तुला आठवत नसेल. मंचरकडच्या एका गाडेवाल्याचा बैल घाटाच्या मध्यावर बसला. लोक ओरडायला लागले. तो गडी डोक्याला हात लावून मातीतच बसला. मी माईकवर म्हणालो, ‘वेळ नाही. बैल बसला. गेल्या साली याच घाटात हा बैल अकरा सेकंदांत वर आला होता. बैल तोच आहे, दिवस वेगळा आहे. पुढची बारी.’ एवढंच. खोटं बोललो नाही, वेळ लपवली नाही आणि शिवीही दिली नाही. लोक गप्प बसले आणि त्या गड्याने उठून बैलाला उठवलं.

आता सांग, तुझ्या डोक्यात जो समालोचक बसलाय त्याला ही रीत कुणी शिकवली नाही का? त्याला मी माझ्या घाटात एक मिनिट उभा राहू दिला नसता. आणि त्याच्या हातात माईक दिला कुणी? तूच दिलास. मग काढून घे. स्वतःची बारी स्वतः सांग. आधी नाव घ्यायचं, वडिलांचं नाव घ्यायचं, गाव सांगायचं. जे झालं ते खरं सांगायचं. अपमान करायचा नाही. रोज सांग, मोठ्याने सांग, कांद्याच्या वाफ्यात उभी राहून सांग. लोक वेडी म्हणतील, म्हणू दे.

मी काय करतो असं विचारशील. दवाखान्यातून मला गळ्याला टेकवून बोलायचं यंत्र दिलंय, बॅटरीएवढं. पत्र्याच्या डब्यातून बोलावं तसा आवाज येतो. मी ते लावून रोज देवळापुढे चार माणसांत बोलतो. पोरं हसतात. मी थांबत नाही.

पार्सल आलं. उघडलेलं नाही, कोनाड्यात फेकलंय. ती वही तुझी आहे, घेऊन जा.

कुंडलिकमामा

*

खोडद
१२ मार्च २०२५

मामा,

तुमच्या पत्राचा आधी राग आला. तीन दिवस बोलले नाही, म्हणजे तुमच्याशी मनात जे बोलते तेही बोलले नाही.

मधल्या काळात शेठच्या मुलीने, रिद्धीने, मला नारायणगावातच एका शिबिराला नेलं. आत्मविश्वासाचं शिबिर होतं. कोट घातलेला माणूस सांगत होता की रोज सकाळी आरशासमोर उभं राहायचं आणि एकवीस वेळा म्हणायचं, मी सर्वोत्तम आहे, मी कधीच चुकत नाही. रिद्धी बिचारी माझ्या भल्यासाठीच घेऊन गेली होती. मी चार दिवस म्हणून पाहिलं. पाचव्या दिवशी आरशातल्या बाईला हसूच आलं. जी बाई माणसाला जिवंतपणी स्वर्गात पाठवते ती कधीच चुकत नाही म्हणे. इतका संताप आला की आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. आई अजून विचारते, आरशाने काय केलं.

मग तुमचं करून पाहिलं. कांद्याच्या वाफ्यात, समोर रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या थाळ्या, शेजारी पाटाचं पाणी. ‘तेजस्विनी सोमाजी असवले, मुक्काम खोडद. मागच्या घाटात बारी बाहेर गेली.’ एवढं म्हटलं. डोक्यातला तो लगेच म्हणाला, ‘आणि यापुढेही बाहेरच जाणार.’ मी त्याला म्हणाले, ते तुला माहीत नाही, तू झालेलं सांग. मामा, तो पहिल्यांदा गप्प बसला. पाच मिनिटं असेल, पण बसला. आता रोज जाते. कधी जमतं, कधी नुसती उभी राहून परत येते. एकदा माझे वडील कांद्याला पाणी द्यायला आले होते, ते ऐकून तसेच मागे फिरले.

परवा दुकानात रामनाथबाबा आले. एक्याऐंशी वय, पण काठीसुद्धा नाही. मला पाहून गल्ल्यासमोरच्या बाकावर बसले आणि म्हणाले, “पोरी, मला तू मारलंस. आता तूच जिवंत कर. सत्तावीस एप्रिलला आमच्या गावचा घाट हाय. माझी बारी तूच सांगायची. कमिटीला मी सांगितलंय.” मी नाही म्हणाले. जमणार नाही, दुसरं कुणी बघा म्हणाले. त्यांनी टोमॅटोच्या औषधाची एक पुडी घेतली आणि जाताना म्हणाले, “मी मेल्यालो हाय, मला काय घाई न्हाई. इच्यार कर.”

वाफ्यात उभं राहून बोलणं वेगळं आणि घाट वेगळा. तुम्ही त्या यंत्रावर पोरांसमोर बोलता, तुमची छाती मोठी आहे. माझी नाही.

तेजू

*

आहुपे
२० मार्च २०२५

तेजस्विनी,

रामनाथला नाही म्हणालीस? तो माणूस त्या वयात एसटीने नारायणगावला आला, तुझ्यासमोर बसला, स्वतःच्या मरणावर हसला, आणि तू त्याला टोमॅटोचं औषध देऊन घालवलंस. मला तुझी लाज वाटली. तुझी म्हणजे तुझ्या त्या पत्राची. तू आणि तुझं पत्र यांत फरक आहे, तो मी पाळतो.

छाती मोठी असं काही नसतं. माझ्या पहिल्या घाटात लोक म्हणाले, डोंगरातला बोलतोय, ‘व्हतं’ म्हणतो, याला ‘होतं’ म्हणता येत नाही. माझ्या पायाखाली स्टेजच्या फळ्या वाजत होत्या. तरी नावं घेत राहिलो. सत्तावीस तारीख अजून लांब आहे. रामनाथला हो कळव.

कुंडलिकमामा

(याच पाकिटात दुसरा कागद, शाळकरी अक्षरातला.)

तेजा, मी मामी सांगती, शेजारची पोरगी संस्कृती लिवती. ह्यांना ठावं न्हाई. तुज्या मामानं तुला खोटं लिवलंय. ती मशिन दिवाळीपासनं नाचणीच्या कणगीत फडक्यात बांधून ठिवलीया. एक दीस बी गळ्याला लावली न्हाई. देवळाकडं जात न्हाईत. कुनी आलं का मागल्या दारानं रानात जात्यात. मला हाक मारायची आसली का ताटावर चमचा वाजिवत्यात. पाटीवर सोताला लिवत्यात, मुकं जनावार. पुसलं तर पुन्ना लिवत्यात. तुजं पयलं पत्र आलं तवा तीन डाव वाचलं आन् लई रडलं. तू आता काय करायचं त्ये कर. मला काय सुचत न्हाई. ठकूबाई.

*

खोडद
२ एप्रिल २०२५

मामा,

नमस्कार नाही. मामींनी मला सगळं कळवलंय, आणि तुम्ही त्यांना एक शब्द जरी बोललात, पाटीवर लिहून का होईना, तर मी पुन्हा पत्र लिहिणार नाही.

मी वीस दिवस त्या वाफ्यात उभी राहते आहे. वेड्यासारखी स्वतःचं नाव घेते आहे. कशाच्या जोरावर? माझा मामा गळ्यात भोक असताना पत्र्याच्या आवाजात चार माणसांत बोलतो, पोरं हसली तरी थांबत नाही, त्याच्या जोरावर. आणि ते यंत्र नाचणीच्या कणगीत आहे. देवळापुढचे चार लोकही तुम्ही मनातूनच आणले होते. मला सांगता खोटं बोलायचं नाही, वेळ लपवायची नाही. स्वतःला मुकं जनावर म्हणता. अहो, जनावराला तरी तुम्ही कधी असं बोलला नाहीत. रस्त्यावरच्या गाढवाबद्दलही बोलला नसतात.

मला वाटायचं माझ्या डोक्यातला समालोचक कुठून आला असेल. आता कळलं. तुमच्याच घरून आला. तिथे तो पाटीवर लिहितो आणि इथे माझ्या डोक्यात बोलतो.

रामनाथबाबांना मी हो कळवलं होतं. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी, मामींचा कागद उलगडायच्या आधी. आता पुन्हा नाही कळवणार आहे. ज्यानं रीत शिकवली तोच ती मोडतो, मग मी कशाला पाळू. तुम्ही खुशाल कणगीत बसा, मी दुकानात बियाणं मोजते. दोघेही सुरक्षित राहू.

तेजस्विनी

*

आहुपे
११ एप्रिल २०२५

तेजू,

तू लिहिलंस त्यातला एकही शब्द मला खोडता येत नाही, म्हणून दोन दिवस चिडून बसलो. तिसऱ्या दिवशी काही सुचेना तेव्हा कोनाड्यातलं तुझं पार्सल फोडलं. रामनाथचं पान काढलं. म्हटलं बघू, पोरीचं नेमकं काय चुकलं.

माझ्या अक्षरात लिहिलंय. रामनाथच्या नावापुढे ‘कैलासवासी’, आणि खाली ऑगस्टमधली तारीख. मला सगळं आठवलं. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाला भेटायला कुणीतरी आलं होतं. बोलता बोलता म्हणाला, तुमच्याकडचा रामनाथ गेला. कुठला रामनाथ ते मी विचारलं नाही. घशात नळ्या होत्या, विचारणार कसा. वही उशाशी होती. मी लिहून टाकलं, कारण चाळीस वर्षं तेच करत आलो, कुणी गेलं की त्याच रात्री वहीत घ्यायचं.

म्हणजे रामनाथला तू मारलं नाहीस. मी मारलं. तू वहीवर विश्वास ठेवलास, आणि तो ठेवायलाच हवा होता, मीच तुला सांगितलं होतं की यादी खोटी असेल पण माझी वही नाही. आणि तू पावणेदोन महिने गावाच्या शिव्या खाल्ल्यास. रामनाथच्या त्या पोरट्याने तुला डोळे आहेत का विचारलं, तेव्हा वही काढून त्याच्या तोंडावर का मारली नाहीस? मला का लिहिलं नाहीस? तुझी दया मला नको आहे. मला इतका राग आलाय की पेन कागदात रुततंय, अक्षर बघतेच आहेस. तुझाही आलाय आणि त्या पाटीवर लिहिणाऱ्याचाही आलाय.

नाही कळवलं असशील तर पुन्हा हो कळव. तू चुकलेलीच नाहीस, मग घाबरतेस कशाला. मी येणार नाही. लोकांपुढे मला जमणार नाही, हे खरं आहे आणि खरं तेच लिहितो. पण तू जा.

पाटी मामीने चुलीमागे टाकली. मी काढायला गेलो नाही.

कुंडलिकमामा

*

खोडद
२८ एप्रिल २०२५

मामा,

काल गेले होते. नाही असं मी कळवलंच नव्हतं, नुसतं तुम्हाला लिहिलं होतं. पत्रांतून तुम्ही एक थाप मारलीत, मी एक मारली, फिट्टंफाट.

वहीचं का लिहिलं नाही ते सांगते. आवाज गेला होता, आता वहीही खोटी निघाली म्हटलं तर तुमच्याकडे काय उरलं असतं? ही दया नव्हती. स्टेजवर सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, म्हातारा आवाजाबरोबर अक्कलही गमावून बसला. ते मला ऐकायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर चूक माझीही होतीच. समोर पहिल्या रांगेत बसलेला माणूस मी पाहायला हवा होता. वही बघत बसले, माणूस पाहिला नाही. हे आता सांगताना त्रास होत नाही. जे झालं ते झालं.

स्टेजवर चढले तेव्हा कमिटीतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. डोक्यातला तो सुरू झाला. ‘आल्या आहेत, मंडळी, यमराजाच्या ताई.’ माईक बंद होता. मी तोंडातल्या तोंडात म्हणाले, तेजस्विनी सोमाजी असवले, मुक्काम खोडद. मागच्या घाटात बारी बाहेर गेली. त्याआधी नऊ बाऱ्या नीट सांगितल्या. बैल तोच आहे, दिवस वेगळा आहे. मग माईक चालू केला.  फळ्यांचा आवाज मीही ऐकला.

तिसऱ्या बारीला खालून एक जण ओरडला, ताई, आज कुणाचा नंबर? मी माईकवरूनच म्हणाले, आज मारायचं बंद आहे, तुमचं नाव-गाव सांगा, तुमच्या बारीला तुम्हालाही पुकारते. लोक हसले, पण या वेळी त्याला हसले. अकराव्या बारीला मी एका गाड्याचं गाव चुकवलं. लगेच आतून आवाज आला, झालं. मी म्हणाले, गाव चुकलं, माफी असावी, गाव अमुक आहे, आणि पुढची बारी घेतली. मामा, काही झालं नाही. आभाळ पडलं नाही. गाडेवाल्याने हात वर करून चालेल म्हणून सांगितलं.

रामनाथबाबांची बारी आली. मी आधी पहिल्या रांगेकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘रामनाथ भिकाजी, वय एक्याऐंशी. मागच्या घाटात मी यांना कैलासवासी म्हणाले होते. आज पाहून सांगते, समोर बसले आहेत. रामनाथबाबा हजर आहेत.’ बाबा उठून उभे राहिले आणि फेटा काढून हलवला. सगळा घाट उभा राहिला. बैलांनी बारा सेकंद आणि वर थोडं घेतलं. पहिला नंबर नाही, पण सरळ गेले. त्यांचा तो मुलगा स्टेजजवळ आला, माझ्याकडे न बघता पाण्याची बाटली ठेवून गेला.

मी शेवटच्या बारीपर्यंत गर्दीत तुम्हाला शोधत होते. येणार नाही असं तुम्ही लिहिलं होतं, तरी शोधत होते. तुम्ही आला नाहीत. आवाज नसला तरी कान होते ना. याचा राग मला बरेच दिवस राहील, हे आत्ताच सांगून ठेवते.

तेजू

*

आहुपे
३ मे २०२५

तेजू,

राग आवर. तू बघत होतीस तिथे मी नव्हतो. घाटाच्या वरच्या अंगाला टेम्पो लावले होते, त्यातल्या शेवटच्या टेम्पोमागे होतो. भर उन्हात मफलर गुंडाळून, चोरासारखा. तुझी मामी बरोबर होती. पहाटेच्या एसटीने आलो. यायचं म्हणून ठरवलं नव्हतं. मामीने यंत्र कणगीतून काढून, नाचणी झटकून माझ्या खिशात घातलं, मला बाहेर काढलं आणि दाराला कुलूप लावून उभी राहिली. मग घरात जायला जागा कुठे होती.

तुझं सगळं ऐकलं. वेग जास्त आहे, बारी संपल्यावर श्वास घेत नाहीस. गाव चुकलं तेव्हा माफी मागितलीस ते बरं केलंस, पण आवाज खाली गेला, तो जायला नको होता. बाकी ठीक. ठीक म्हणजे मी इतका चांगला कधी बोललो नाही. हे दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

घाट मोडल्यावर रामनाथ टेम्पोपाशी बैलांना पाणी पाजत होता. एकटाच होता. मी चार पावलांवर उभा राहिलो. पाटीवरचा तो लगेच सुरू झाला, कुंडलिक, मुकं जनावर, परत फिर. मी फिरलोही होतो. मग तुझ्यासारखंच केलं. आवाज नव्हता म्हणून नुसते ओठ हलवले. कुंडलिक, मुक्काम आहुपे. चाळीस वर्षं माईकवर. आठ महिने घरात. वहीत एक मोठी चूक केली. माणूस तोच आहे, दिवस वेगळा आहे. मफलर सोडला, यंत्र काढलं, गळ्याला टेकवलं. बटण उलटं दाबलं, मग सुलटं दाबलं.

“रामनाथ, वहीत तुला मी मारलं. पोरीनं नाही.”

पत्र्याचा आवाज. बैलाने पाण्यातून तोंड वर काढलं. पलीकडच्या टेम्पोतली दोन माणसं वळून बघायला लागली, एक जण हसला. रामनाथ माझ्या गळ्याकडे बघत राहिला, मग तोंडाकडे. हातातली बादली त्याने खाली ठेवली.

“कुंडलिक? आरं, आमाला तर सांगितलं व्हतं तूच गेलास म्हून. घाटात दोन मिन्टं उभं ऱ्हायलो व्हतो आमी तुज्यासाठी. म्हून तर पोरीपुढं तुजं नाव बी काढलं न्हाई.”

मला आधी संतापच आला. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, एक माणूस आहुप्याला येऊन बघून गेला नाही, असं सगळं विचारायचं होतं. पण मग लक्षात आलं की मागच्या दाराने रानात पळणाऱ्या माणसाला कुणी येऊन बघणार तरी कसं. यंत्र पुन्हा टेकवलं आणि म्हणालो, हजर आहे. रामनाथने मला धरलं आणि रडायला लागला, आणि मी त्याला म्हणालो, गप, पोरं बघतायत. हेही यंत्रावरच म्हणालो.

वही मामीकडे देतोय, ती बुधवारी घोडेगावच्या बाजाराला येणार आहे, तिथून पोस्टात टाकेल. रामनाथच्या नावापुढचा शब्द मी खोडलाय. आता उघडून बघ आणि माणसंही बघत जा. शेवटच्या पानावर माझी बारी लिहायची राहिली आहे, ती तुझ्या हाताने लिही. मामीने मोबाइलवर मोजलं. मफलर सोडून यंत्र लागेपर्यंत अकरा सेकंद, पहिलं वाक्य बोलायला चार. एकूण पंधरा. कुठल्याच नंबरात बसत नाही, तरी वेळ खरी लिही. बारी बाहेर गेली नाही, हेही लिही.

कुंडलिकमामा